मुष्टियुद्ध व मिश्र युद्धकलेतील संरक्षक आच्छादन : तंत्र, मर्यादा आणि महाविद्यालयीन प्रशिक्षण

सारांश

प्रतिस्पर्ध्याचा आघात हात, कोपर, खांदा किंवा पाय आड आणून झेलणे म्हणजे संरक्षक आच्छादन होय. मुष्टियुद्धात ते प्राथमिक कौशल्य मानले जाते. प्रस्तुत लेखात आच्छादनाचे प्रमुख प्रकार, त्यांमागील शरीरशास्त्रीय तत्त्व, खेळाच्या नियमांशी असलेला त्यांचा संबंध आणि मिश्र युद्धकलेत त्यांना करावे लागणारे बदल यांचे विवेचन केले आहे. महाराष्ट्रातील अनेक खेळाडू कुस्तीच्या पार्श्वभूमीतून या खेळांकडे येत असल्याने कुस्तीतील बचावाच्या सवयींचाही विचार केला आहे. आच्छादन हा बचावाचा शेवट नसून प्रारंभ आहे, आणि ते तसे न शिकविल्यास खेळाडूच्या मेंदूला धोका संभवतो, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : मुष्टियुद्ध, मिश्र युद्धकला, आच्छादन, गार्ड, कुस्ती, मेंदूची इजा, शारीरिक शिक्षण.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राला मुष्टियुद्धाची परंपरा नवी नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या शाहूराज बिराजदार यांना २००२ साली, ध्यानचंद पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, तो पुरस्कार मिळाला. पुण्याच्या देविका घोरपडे हिने २०२२ मध्ये स्पेनमधील जागतिक युवा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये या खेळाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण दिले जाते. महाविद्यालयीन पातळीवरही हा खेळ विद्यापीठीय स्पर्धांच्या माध्यमातून खेळला जातो. गेल्या दोन दशकांत त्याच्या जोडीला मिश्र युद्धकला हा प्रकार आला असून चित्रफितींच्या प्रसारामुळे विद्यार्थ्यांमध्ये त्याचे आकर्षण वाढले आहे.

या दोन्ही खेळांकडे पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच आक्रमणाकडे जाते. विद्यार्थ्यालाही ठोसा मारावयास शिकण्याची घाई असते. त्यामुळे बचावाचे शिक्षण पुष्कळदा 'हात वर ठेव' या एका सूचनेपुरते उरते. ही सूचना चुकीची नाही. पण ती अपुरी आहे. हात नेमके कोठे ठेवावयाचे, ते तेथे किती वेळ ठेवावयाचे आणि त्यानंतर काय करावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे तिच्यात नाहीत. नाशिकसारख्या शहरात एकाच महाविद्यालयात तालमीतला मल्ल, मुष्टियोद्धा आणि चित्रफिती पाहून मिश्र युद्धकलेकडे वळलेला विद्यार्थी असे तिघेही असू शकतात. अशा वेळी शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकाला या प्रश्नांची उत्तरे नीट ठाऊक असणे आवश्यक ठरते.

२. आच्छादनाची संकल्पना

बचावाचे स्थूलमानाने चार मार्ग सांगता येतात. पहिला, अंतर राखून आघाताच्या टप्प्याबाहेर जाणे. दुसरा, डोके किंवा धड हलवून आघात हुकविणे. तिसरा, हाताने आघाताची दिशा बदलणे. आणि चौथा, आघात येईल त्या जागेवर आपला अवयव आणून तो झेलणे. यांपैकी चौथ्या मार्गास आच्छादन म्हणतात. मैदानावर यालाच 'कव्हर घेणे' असे म्हटले जाते.

पहिल्या तीन मार्गांत आघात शरीरावर पोहोचत नाही. आच्छादनात तो पोहोचतो, मात्र कमी नाजूक जागी. हनुवटी, कानशील, यकृताची जागा व तरंगत्या बरगड्या ही मर्मस्थाने वाचविण्यासाठी हातमोजा, अग्रबाहू, कोपर आणि खांदा पुढे केला जातो. म्हणजेच आच्छादन हा एक सौदा आहे. मोठे नुकसान टाळण्यासाठी लहान नुकसान पत्करले जाते.

असे असूनही आच्छादन टाळता येत नाही, याचे कारण मानवी प्रतिक्रियाकालात आहे. डोळ्यांनी पाहून साधी हालचाल सुरू करावयास माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. जवळून सुटलेला ठोसा त्याहून कमी वेळात पोहोचू शकतो. अनुभवी खेळाडू प्रतिस्पर्ध्याचे खांदे, पावले व लय पाहून ठोशाचा आधीच अंदाज बांधतो. नवशिक्याकडे ही दृष्टी नसते. म्हणून त्याच्यासाठी अगोदरच योग्य जागी असलेला हात हाच सर्वांत खात्रीचा बचाव ठरतो.

चांगल्या आच्छादनाच्या पाच कसोट्या सांगता येतील. त्याने आघाताची वाट बंद व्हावी, दृष्टी खुली राहावी, श्वास चालू राहावा, पावलांचा तोल टिकावा आणि हातातून प्रत्युत्तर निघू शकावे. यांपैकी पहिलीच कसोटी पूर्ण करणारे आच्छादन केवळ लपणे ठरते.

३. हातमोजे आणि आच्छादन

आजचे आच्छादन हे हातमोजाचे अपत्य आहे. इंग्लंडमध्ये जॅक ब्राउटन याने १७४३ साली मुष्टियुद्धाचे नियम लिहिले तेव्हा लढती उघड्या मुठींनी होत. उघड्या मुठीने कपाळावर जोराचा प्रहार केल्यास मारणाऱ्याचीच बोटे मोडण्याची भीती असे. शिवाय उघडी मूठ लहान असल्याने तिच्यामागे चेहरा झाकणेही शक्य नव्हते. त्यामुळे त्या काळचा खेळाडू हात पुढे लांब धरून आघात वाटेतच अडवीत असे.

१८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी व दहा अंक मोजण्याची पद्धत रूढ केली. हातमोजामुळे हात मोठा झाला आणि तोच ढालीचे काम करू लागला. पुढे पसरलेले हात हळूहळू चेहऱ्याजवळ आले. महाराष्ट्राच्या शस्त्रपरंपरेतील फरी-गदगा या खेळात एका हातात फरी म्हणजे लहान ढाल व दुसऱ्या हातात गदगा असतो. मुष्टियोद्ध्याला मात्र ढाल आणि शस्त्र ही दोन्ही कामे त्याच हातांकडून करून घ्यावी लागतात. झाकणारा हात त्या क्षणी मारू शकत नाही आणि मारणारा हात झाकू शकत नाही. आच्छादनाच्या सर्व प्रकारांचा उगम या अडचणीतून झालेला दिसतो.

४. आच्छादनाचे प्रमुख प्रकार

(अ) उंच दुहेरी आच्छादन : दोन्ही हातमोजे कपाळाच्या कडांना, कोपरे बरगड्यांवर आणि हनुवटी छातीकडे झुकलेली, अशी ही स्थिती असते. नवशिक्यास ती प्रथम शिकविली जाते. दोन्ही बाजूंनी येणारे हुक यात चांगले अडतात. मात्र दोन हातांमधील फटीतून सरळ ठोसा व खालून अपरकट आत शिरू शकतो. कोपरे वर उचलली गेली की बरगड्या उघड्या पडतात. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. हातमोजा डोक्यापासून दूर धरल्यास प्रतिस्पर्ध्याच्या ठोशाने तो स्वतःच्याच चेहऱ्यावर आदळतो. म्हणून तो कपाळास हलकासा टेकलेला असावा आणि आघाताच्या क्षणी मान व खांदे घट्ट असावेत.

(आ) पीक-अ-बू शैली : अमेरिकन प्रशिक्षक कस डी'अमाटो यांनी ही शैली नावारूपास आणली. त्यांचा शिष्य फ्लॉइड पॅटरसन १९५६ साली, तर माइक टायसन १९८६ साली हेवीवेट विजेता झाला. यात हात गालांजवळ उंच असतात. परंतु शैलीचे खरे सामर्थ्य हातांपेक्षा डोक्याच्या अखंड हालचालीत आहे. केवळ हातांची ठेवण उचलून डोके स्थिर ठेवणाऱ्याला ही शैली उपयोगी पडत नाही.

(इ) आडव्या हातांचे आच्छादन : दोन्ही अग्रबाहू चेहऱ्यासमोर व धडासमोर एकावर एक आडवे धरले जातात. आर्ची मूर याने ही पद्धत प्रभावीपणे वापरली. सरळ ठोसे व अपरकट यात अडतात. पण आडव्या हातांतून झटपट प्रत्युत्तर देणे अवघड असते आणि कानशिलाची बाजू तुलनेने उघडी राहते.

(ई) खांद्याचे आच्छादन : पुढचा हात कमरेवर आडवा, पुढचा खांदा हनुवटीजवळ उचललेला आणि मागचा हात गालाशी, अशी ही ठेवण असते. आलेला उजवा ठोसा खांदा वळवून निसटवला जातो आणि त्याच वळणातून प्रत्युत्तर निघते. फ्लॉइड मेवेदर याने ती जगभर परिचित केली. आच्छादन व प्रत्युत्तर यांतील अंतर हिच्यात सर्वांत कमी आहे. परंतु अचूक कालज्ञान नसलेल्या विद्यार्थ्याने ही शैली उचलल्यास त्याचा चेहरा पूर्ण उघडा पडतो. चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांत ही चूक होण्याचा संभव अधिक असतो.

(उ) दोरांवरील आच्छादन : ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनविरुद्ध दोरांवर रेलून, हात उंच ठेवून दीर्घकाळ आघात झेलले आणि थकलेल्या फोरमनला आठव्या फेरीत पाडले. आच्छादनाने लढत जिंकता येते याचा दाखला म्हणून ही लढत सांगितली जाते. परंतु तिचा अर्थ लावताना दोन बाबी विसरल्या जातात. अली दोरांवर असतानाही सरळ ठोसे मारीत होता आणि फोरमनची मान धरून त्याचा जोर खर्ची पाडीत होता. अलीला पुढे पार्किन्सन विकार जडला. त्याचा संबंध एका लढतीशी जोडणे योग्य होणार नाही. तथापि वर्षानुवर्षे आघात झेलण्याची शैली विद्यार्थ्यांसमोर आदर्श म्हणून ठेवताना प्राध्यापकाने सावध असावे.

५. नियमांची भूमिका

कोणते आच्छादन उपयुक्त ठरेल हे बऱ्याच अंशी गुणदान पद्धती ठरवते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधील अंतिम लढतीत रॉय जोन्स याच्याविरुद्ध लागलेल्या निकालावर मोठा वाद झाला. त्यानंतर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून संगणकीय गुणदान आले. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत कळ दाबली तरच गुण मिळे. त्यामुळे स्पष्ट दिसणारे सरळ ठोसे मोलाचे ठरले आणि आघाडी घेतल्यानंतर घट्ट आच्छादनामागे राहून ती टिकविण्याची प्रवृत्ती वाढली. २०१३ पासून हौशी मुष्टियुद्धातही दहा गुणांची फेरीनिहाय पद्धत स्वीकारली गेली. तिच्यात दर्जेदार ठोशांबरोबरच वर्चस्व व लढाऊपणा यांचाही विचार होतो. साहजिकच केवळ झाकून राहणाऱ्या खेळाडूचे महत्त्व घटले.

हातमोजावर किंवा अग्रबाहूवर झेललेल्या ठोशास गुण मिळत नाही, हा आच्छादनाचा लाभ होय. पण दुसरी बाजूही आहे. आंतरराष्ट्रीय हौशी मुष्टियुद्धाच्या नियमावलीत दुहेरी आच्छादनाने केलेला निष्क्रिय बचाव हा नियमभंग मानला गेला आहे. जाणूनबुजून खाली पडणे, पळणे किंवा पाठ फिरविणे यांच्या पंक्तीत त्याला बसविले आहे. आच्छादन मान्य आहे, आच्छादनात वस्ती करणे मान्य नाही, असा या नियमाचा आशय आहे.

६. मिश्र युद्धकलेतील आच्छादन

मिश्र युद्धकलेत ठोसे, लाथा, गुडघे व कोपरांचे आघात, पाडाव आणि जमिनीवरील पकडी या सर्वांना वाव असतो. अमेरिकेत १९९३ मध्ये यूएफसीची पहिली स्पर्धा झाली आणि २००० नंतर न्यू जर्सी राज्यात एकीकृत नियम आकारास आले. भारतात २०१२ मध्ये मुंबईत सुपर फाइट लीग सुरू झाल्यानंतर हा खेळ सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचला.

येथे मुष्टियुद्धातील आच्छादन जसेच्या तसे चालत नाही. त्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण हातमोजाचे आहे. हौशी मुष्टियुद्धात वजनगटानुसार १० किंवा १२ औंसांचे, म्हणजे सुमारे २८४ ते ३४० ग्रॅमचे हातमोजे असतात. मिश्र युद्धकलेतील हातमोजे सामान्यतः ४ औंसांचे, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमचे असून बोटे उघडी असतात. एवढ्या लहान हातमोजामागे चेहरा झाकला जात नाही आणि प्रतिस्पर्ध्याची लहान मूठ लहान फटीतूनही आत शिरते. म्हणून येथे हातमोजाऐवजी अग्रबाहू व कोपर यांचा आधार घ्यावा लागतो. एक हात डोक्याच्या मागच्या बाजूस सरकवून कोपर पुढे काढणे, किंवा पुढचा हात लांब करून प्रतिस्पर्ध्याचा खांदा अथवा कपाळ रोखणे, हे प्रकार त्यातून रूढ झाले.

दुसरे कारण लाथेचे आहे. डोक्याकडे आलेल्या लाथेचे बळ ठोशापेक्षा कितीतरी अधिक असते. ती एका सैल हातावर घेतल्यास हात डोक्यावर आदळतो आणि अग्रबाहूचे हाड मोडण्याचीही शक्यता असते. मांडीवर येणाऱ्या लाथेस तर हात पुरतच नाहीत. तेथे नडगी उचलून आड आणावी लागते. २८ डिसेंबर २०१३ रोजी लास व्हेगास येथे ख्रिस वाइडमन याने अँडरसन सिल्वाची लाथ अशाच प्रकारे अडविली आणि लाथ मारणाऱ्या सिल्वाचाच पाय मोडला. बचावाचा अवयव योग्य कोनात आला तर तो आक्रमकालाच महागात पडतो, हे या घटनेतून दिसते.

तिसरे कारण पाडावाचे आहे. दोन्ही हात कपाळाशी नेणाऱ्या खेळाडूची कंबर व पाय मोकळे राहतात. प्रतिस्पर्धी ठोशाचे आमिष दाखवून पट काढू शकतो. म्हणून येथे हात थोडे खाली व पुढे, पावले अधिक रुंद आणि अंतर जास्त ठेवले जाते.

चौथे कारण पंचांच्या निर्णयाचे आहे. स्वतःचा समंजस बचाव न करणाऱ्या खेळाडूची लढत पंच थांबवतात. हात डोक्यावर आहेत, पण खेळाडू हलत नाही, पकड घेत नाही, उठण्याचा प्रयत्न करीत नाही, असे दिसल्यास ते आच्छादन समंजस बचाव मानले जात नाही.

७. कुस्तीची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याचा शरीरसाधनेशी संबंध जुना आहे. परंपरेनुसार मल्लखांबाचे आद्य प्रवर्तक बाळंभट्टदादा देवधर हे या जिल्ह्यातील कोठुरे गावचे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आलेल्या मल्लांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी त्यांनी वणीच्या सप्तशृंगी गडावर उपासना केली, अशी आख्यायिका आहे. जवळचे अंजनेरी हनुमानाचे जन्मस्थान मानले जाते आणि हनुमान हे तालमीचे दैवत. या परंपरेत पकड, तोल व अंगाशी अंग भिडविणे यांना प्राधान्य आहे. आघाताला स्थान नाही.

या तालमीतून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या काही सवयी मिश्र युद्धकलेत मोलाच्या ठरतात. खडाखडीत प्रतिस्पर्ध्याची मनगटे, मान व दंड ताब्यात ठेवण्याची सवय हे आच्छादनानंतरचे उत्तम पाऊल आहे. ठोसा झेलताच हात किंवा मान पकडली की पुढचा ठोसा येतच नाही. मल्लाची भक्कम मान आघाताच्या क्षणी डोके स्थिर ठेवण्यास साहाय्य करते.

परंतु दोन सवयी घातक ठरतात. कुस्तीत चीतपट होणे म्हणजे पराभव. म्हणून संकटात सापडलेला मल्ल पालथा पडून माती धरतो. कुस्तीतील हा योग्य बचाव मिश्र युद्धकलेत पाठ व मान प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करतो. डोके दोन्ही हातांनी झाकून पालथे राहणाऱ्याच्या गळ्याखाली हात सहज जातो आणि गळा झाकण्यास हात उरत नाही. दुसरी सवय पट काढताना मान पुढे देण्याची आहे. कुस्तीत गळा आवळण्याची भीती नसल्याने ती खपून जाते. मिश्र युद्धकलेत मात्र याच क्षणी समोरून गळपकड बसते.

कुस्तीच्या पार्श्वभूमीतून आलेला महाराष्ट्राचा भरत खंडारे २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघाय येथे यूएफसीत उतरला, तेव्हा सोंग यादोंग याच्याविरुद्धची त्याची लढत पहिल्याच फेरीत अशा गळपकडीने संपली. एका लढतीवरून एखाद्या खेळाडूचे मूल्यमापन करता येत नाही. तथापि, या खेळात हनुवटीइतकाच गळाही झाकावा लागतो, हा धडा तालमीतून येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने घेण्यासारखा आहे.

८. आच्छादन आणि मेंदूची इजा

आच्छादनामुळे डोके सुरक्षित राहते, हा समज अर्धसत्य आहे. चेहऱ्यावरील जखम, नाकाचे हाड मोडणे यांपासून ते संरक्षण देते. मेंदूला होणारी इजा मात्र मुख्यतः डोक्याला मिळणाऱ्या अचानक गतीमुळे, विशेषतः गर्रकन वळण्यामुळे होते. हातमोजावर बसलेला जोरदार हुक डोके फिरवू शकत असेल, तर कातडीवर ओरखडाही न उठता मेंदूवर ताण येतो. हॅरिसन मार्टलंड या वैद्यकाने १९२८ मध्येच मुष्टियोद्ध्यांमधील दीर्घकालीन मेंदूविकाराकडे लक्ष वेधले होते. २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुष गटातून शिरस्त्राण काढून टाकण्यात आले, त्यामागेही शिरस्त्राणाने मेंदूचे पुरेसे रक्षण होत नाही हा विचार होता. त्या निर्णयाबाबत आजही मतभेद आहेत.

सरावात याचे महत्त्व अधिक आहे. स्पर्धेच्या लढती वर्षातून मोजक्या असतात. सराव मात्र आठवड्यातून अनेकदा होतो. 'मार खाण्याची सवय व्हावी' म्हणून नवशिक्यास कोपऱ्यात उभे करून आच्छादनावर ठोसे घ्यावयास लावणे हा प्रशिक्षणाचा प्रकार घातक आहे. स्नायूला ताणाची सवय होते. मेंदूला आघाताची सवय होत नाही.

९. महाविद्यालयीन प्रशिक्षणासाठी सूचना

(१) आच्छादन कधीही एकटे शिकवू नये. 'झाका आणि मारा', 'झाका आणि बाजूला व्हा', 'झाका आणि पकडा' अशा जोड्यांतच त्याचा सराव घ्यावा. आच्छादनावर सलग दोनपेक्षा अधिक ठोसे घेण्याची सवय लागू देऊ नये.

(२) प्रारंभीचे आठवडे ठरावीक व हलक्या ठोशांवर द्यावेत. झेलणाऱ्याचे डोळे उघडे आहेत काय आणि श्वास रोखला जात नाही ना, हे प्रशिक्षकाने पाहावे.

(३) मानेच्या स्नायूंचे व्यायाम नियमित घ्यावेत. तालमीतील पारंपरिक व्यायामांचा येथे उपयोग होतो.

(४) मुष्टियुद्ध व मिश्र युद्धकला यांचे आच्छादन वेगवेगळे शिकवावे. मोठ्या हातमोजांनी लागलेली सवय लहान हातमोजांत धोकादायक ठरते, हे विद्यार्थ्यास हातमोजे बदलून प्रत्यक्ष दाखवावे.

(५) आघातानंतर गोंधळलेपणा, डोकेदुखी, मळमळ किंवा तोल जाणे दिसल्यास विद्यार्थ्यास त्याच दिवशी पुन्हा उतरवू नये. वैद्यकीय तपासणी व टप्प्याटप्प्याने पुनरागमन हाच सर्वमान्य मार्ग आहे. स्पर्धा जवळ आली म्हणून यात सवलत देऊ नये.

१०. समारोप

आच्छादनाचा इतिहास हातमोजाच्या आकाराशी, गुणदानाच्या पद्धतीशी आणि खेळात मान्य असलेल्या आघातांशी बांधलेला आहे. यांपैकी काहीही बदलले की आच्छादनही बदलते. उंच दुहेरी आच्छादनापासून खांद्याच्या आच्छादनापर्यंत प्रत्येक प्रकार काही झाकतो आणि काही उघडे टाकतो. म्हणून सर्वोत्तम आच्छादन कोणते, या प्रश्नापेक्षा या आच्छादनातून बाहेर कसे पडावयाचे, हा प्रश्न प्रशिक्षणात अधिक महत्त्वाचा आहे. आच्छादनाने खेळाडूस अर्धा क्षण मिळतो. त्या अर्ध्या क्षणाचा उपयोग करण्यास शिकविणे हे प्रशिक्षकाचे काम होय. ते न केल्यास वर धरलेले हात संरक्षणाचा केवळ आभास निर्माण करतात आणि त्याचे मूल्य विद्यार्थ्यास पुढे दीर्घकाळ चुकवावे लागू शकते.